एक रिंग म्हणजे सगळं ठीक

बसा. चहा घ्या आधी, गार होतोय. सहा वाजायला अजून अवकाश आहे, आणि काल तुम्ही जे विचारलंत ते सांगायला तेवढा वेळ पुरावा. पुरेलच असं म्हणत नाही. चाळीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, पण छातीठोकपणे काही सांगणं मला कधी जमलं नाही. वर्गात तुम्ही लोक त्यावरून माझी नक्कल करायचात, ते मला माहीत होतं.

तुम्ही विचारलंत, "सर, हा स्वस्तातला फोन तुम्ही स्टीलच्या डब्यात का ठेवता? वापरत नाही तर टाकून का देत नाही?" मी हसून विषय बदलला. जुन्या विद्यार्थ्यासमोर खुळा ठरायची लाज वाटली. पण तुम्ही उद्या जाणार, आणि मी एकटा राहणार. एका तरी शहाण्या माणसाला हे ठाऊक असावं.

चार वर्षांपूर्वी परदेशातल्या एका विद्यापीठानं मला तीन आठवड्यांसाठी बोलावलं होतं. एक व्याख्यान, बाकी नुसतं बसणं. खरं सांगायचं तर मी जायला नको होतं. ताईला त्या महिन्यात दोनदा चक्कर आली होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, माझ्याहून सात वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनं नर्सची नोकरी धरली, मला शिकवलं आणि स्वतः लग्न केलं नाही. मीही केलं नाही, पण ते तिच्यासाठी नव्हे, भित्रेपणामुळे.

"जा रे," ती म्हणाली. "दे तुझं भाषण. चार माणसं टाळ्या वाजवतील, तुझं अन्न पचेल. मी काय पळून जातेय?"

"पण चक्कर..."

"प्रोफेसर, मी अडतीस वर्षं वॉर्ड सांभाळलाय. पडले तर कसं पडायचं ते कळतं मला. आणि रिंग आहेच की."

रिंग म्हणजे आमची जुनी पद्धत. नोकरीपायी मी कितीतरी वर्षं दुसऱ्या गावी होतो, ती इथे. फोनवर बोलणं तेव्हा परवडत नसे. ती सकाळी उठली की मला फोन लावायची आणि एकदा वाजला की तोडायची. एक रिंग म्हणजे 'उठले, सगळं ठीक.' मी एक रिंग परत द्यायची, म्हणजे 'मीही ठीक.' दोन रिंगा म्हणजे 'सवडीनं फोन कर.' तीन रिंगा म्हणजे 'असशील तसा निघून ये.' तीन रिंगा आयुष्यात एकदाच वाजल्या, वडील गेले तेव्हा. मी पायातल्या चपलांनिशी निघालो होतो. फोन फुकट झाले तरी ही सवय गेली नाही. रिंग आली की उचलायची नाही, हा नियम. उचलली तर ती चिडायची. "मेल्या, उचललास कशाला? घाबरले ना मी!"

रोजच्या रिंगची वेळ मी वहीत लिहीत असे. हसू नका. कधी सहा वाजून दोन मिनिटं, कधी सहा वीस. दूध उतू गेलं तर साडेसहा.

तर, तिकडे पोचलो त्याच दिवशी विमानतळावर तोंड धुताना खिशातला फोन बेसिनमध्ये पडला. उचलून झटकला, पुसला, पण पडदा काळा तो काळाच. विद्यापीठाच्या अतिथिगृहात सामान टाकलं आणि तिथल्या देखरेख करणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांनी बसथांब्यामागची गल्ली दाखवली. साधंच काम होतं. एक स्वस्तातला अँड्रॉइड फोन घ्यायचा, ताईला नवा नंबर कळवायचा आणि झोपायचं.

गल्लीत ओळीनं तशीच दुकानं. मी त्यातलं सगळ्यात रिकामं निवडलं, कारण गर्दीत मला प्रश्न विचारता येत नाहीत. काउंटरमागे जाड भिंगाचा चष्मा घातलेला एक मेकॅनिक कुणाचा तरी फोन उघडून बसला होता. बोलणं अर्थातच दुसऱ्या भाषेत झालं, पण आठवतं मात्र आपल्याच भाषेत. माझा जुना फोन त्यानं उघडला, वास घेतला आणि बाजूला ठेवला.

"गेला, काका. सिमही गेलं. नंबर-बिंबर काही निघणार नाहीत."

"मग सगळ्यात स्वस्त काय आहे?"

त्यानं खालच्या कप्प्यातून एक खोका काढला. खोक्याची चिकटपट्टी आधीच कापलेली होती.

"हा उघडलेला आहे," मी म्हणालो.

"म्हणूनच स्वस्त. तीनदा विकला, तीनदा परत आला. बिघाड काही नाही, मी आठवडाभर टेबलावर ठेवून पाहिलाय. गिऱ्हाइकं म्हणतात, नुसता एकदा वाजतो आणि थांबतो."

मला हसू आलं. प्रवासानं डोकं हलकं झालं होतं, आणि अनोळखी माणसाशी मी नको तेवढं बोलतो. म्हणालो, "आमच्या घरी एकदाच वाजणारा फोनच लागतो." आणि त्याला सगळं सांगत बसलो. ताई कोण, घरी ती एकटी कशी, ती सकाळी किती वाजता उठते. एक रिंग म्हणजे काय, दोन म्हणजे काय, तीन म्हणजे काय. रिंग आली की उचलायची का नाही, तेसुद्धा.

तो मान डोलावत नवं सिम घालत होता. मग म्हणाला, "बहिणीचा नंबर तरी पाठ आहे?" मी तो मोठ्यानं म्हणून दाखवला. फोन आम्हा दोघांच्या मध्ये काउंटरवर पडला होता. चालू होता. हे मला नंतर, फार नंतर आठवलं.

पैसे देताना तो म्हणाला, "फक्त परत आणू नका हं, काका. मी आता घेणार नाही."

अतिथिगृह तीन मजली. सुट्टीचे दिवस असावेत, कारण माझ्या मजल्यावर माझ्याशिवाय कुणी नव्हतं. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारं, फरशीला नुकत्याच लावलेल्या पॉलिशचा घशात जाणारा वास. दुपारच्या बाराला तिथे जी शांतता असायची तशी मी इतरत्र रात्रीही अनुभवलेली नाही. आपल्याच चपलांचा आवाज पुढे जाऊन भिंतीला लागून परत यायचा, आणि परत येणारी पावलं मोजली तर आपल्यापेक्षा एखादं जास्त भरायचं. अर्थात, मोजण्यात माझी चूकही झाली असेल.

घरापेक्षा तिथली वेळ सहा तास पुढे. मी खोलीत आलो, खाटेवर बसलो. फोन हातात कोमट लागत होता. नव्या प्लास्टिकचा वास, आणि त्याखाली ओल्या फडक्यासारखा काहीतरी. ताईला नंबर कळवावा म्हणून चष्मा शोधत होतो, तेवढ्यात तो वाजला. एकदाच. पडद्यावर लिहिलं होतं, 'नंबर उपलब्ध नाही'. परदेशी फोन असेच दिसत असतील, असं मी समजलो. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं. घरी सहा दहा.

ताई उठली.

किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी तिचा नंबर लावला, एकदा वाजू दिला, तोडला आणि गाढ झोपलो.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही तरुण आहात. माझ्या लक्षात यायला सात दिवस लागले.

रोज एक रिंग. मी ती ऐकायचो, परत द्यायचो आणि दिवसभर व्याख्यानाचे कागद खालीवर करत बसायचो. गावी आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या शिक्षिका बाईंकडे घराची किल्ली होती. ठरलं होतं की ज्या दिवशी रिंग येणार नाही त्या दिवशी बाईंना फोन करायचा. त्यांचा नंबर जुन्या फोनबरोबर गेला होता. पण रिंग तर येत होती. मग कशाला शोधायचा?

पाचव्या दिवशी सवयीनं वही उघडली. बारा दहा. बारा दहा. बारा दहा. बारा दहा. बारा दहा. मी पेन्सिल धरून बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिलो. आयुष्यभर मुलांना हेच सांगत आलो की माणसाच्या हातून होणाऱ्या प्रत्येक गोष्टीत थोडा फरक पडतो. फरक नसेल तर मोजमाप तपासा. एवढ्या वर्षांत ताईची रिंग लागोपाठ दोन दिवसही एका मिनिटाला आली नव्हती. पण परवा व्याख्यान होतं. मनात म्हटलं, तुझा स्वभावच संशयी. भाषण होऊ दे, मग बघू.

हे वाक्य मी रोज आठवतो. भाषण होऊ दे, मग बघू.

व्याख्यान सातव्या दिवशी सकाळी झालं. टाळ्या वाजल्या, ताई म्हणाली होती तशाच. नंतर कचेरीत एक फॉर्म भरायला बसवलं. कारकून बाईंनी विचारलं, "तुमचा इथला नंबर?"

मला तो पाठ नव्हता. पाकिटात सिमचा कागद होता, तो काढला आणि एकेक आकडा उतरवू लागलो. चौथ्या आकड्यावर हात थांबला.

हा नंबर मी अजून कुणालाच दिलेला नव्हता.

ताईला कळवायचं राहून गेलं होतं. पहिल्याच दिवशी रिंग आली, आणि कळवायचं कारणच संपलं. मग सात दिवस...

त्याच वेळी खिशात फोन वाजला. एकदा. भिंतीवरच्या घड्याळात बारा दहा.

"उचला ना," बाई म्हणाल्या. मग माझा चेहरा पाहून त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरं वाटत नाही का?"

मी ताईचा नंबर लावला. आता एक रिंग देऊन तोडायची नाही, ती उचलेपर्यंत वाजू द्यायची, असं ठरवून. पण वाजलाच नाही. व्यस्त होता. पाच मिनिटांनी व्यस्त. पंधरा मिनिटांनी व्यस्त. जी जन्मात फोनवर दोन वाक्यांच्या वर तिसरं बोलली नाही, ती माझी बहीण पाऊण तास कुणाशी तरी बोलत होती.

शिक्षिका बाई ज्या शाळेत शिकवतात तिचं नाव मला माहीत होतं. कारकून बाईंनी संगणकावर शाळेचा नंबर शोधून दिला. मी शाळेत फोन करून बाईंना वर्गातून बोलावून घेतलं. "ताईंना काय झालंय?" त्या म्हणाल्या. "कालच संध्याकाळी मी दार वाजवलं ना. आतून म्हणाल्या, ठीक आहे गं, जरा पडलेय, तू जा."

"किल्ली आहे ना तुमच्याकडे? आत्ता जा. आत्ता. आणि मला फोन करा. नंबर घ्या माझा." कुठल्याही जिवंत माणसाला तो नंबर मी पहिल्यांदाच देत होतो.

एक तास मी त्या कचेरीतल्या खुर्चीवर बसून होतो. फोन मांडीवर. कोमट.

"सर," शिक्षिका बाई फोनवर म्हणाल्या. "स्वयंपाकघरात आहेत... खाली. जिवंत आहेत. मांडीचं हाड मोडलंय बहुतेक. दोन दिवस तरी झाले असतील, सर. ओठ पार सुकलेत... गाडी बोलावलीय."

"फोनवर कुणाशी बोलत होती ती?"

"फोन फ्रिजखाली सापडला. पडताना हातातून उडाला असणार. मागचं झाकण एकीकडे, बॅटरी एकीकडे... पण सर..."

"काय?"

"त्यांचा हात कानावर होता. रिकामा. आम्ही दोघी-तिघी ओढतोय तरी काढू देईनात. म्हणाल्या, थांब गं, तो बोलतोय."

दुसऱ्या दिवशीच्या विमानानं मी आलो. हॉस्पिटलात ताई उशीवर एवढीशी दिसत होती. मला पाहून तिला आनंद झाला नाही. ती माझ्याकडे निरखून बघत राहिली, नव्या रुग्णाकडे बघावं तशी.

"ताई, अगं..."

"हळू बोल." तिनं दाराकडे पाहिलं. "तूच आहेस ना?"

"मीच. दुसरं कोण?"

"मग मला ओरडू का दिलं नाहीस?" तिचा आवाज जेमतेम ऐकू येत होता. "ती बिचारी दार वाजवत होती. मी हाक मारणार होते. तू म्हणालास, गप्प पड. तिला जाऊ दे. मी येतोय ना... दोन दिवस तेच. हलू नकोस ताई, मी येतोय. मी जिन्यात आहे. मी दारात आहे..."

"मी नव्हतो गं तो."

"आवाज तुझाच होता." "फक्त मला दम लागायचा तेव्हा त्यालाही लागायचा. माझ्या मागोमाग."

मी तिचा हात धरला. तळव्याला औषधाचा वास येत नव्हता. नव्या प्लास्टिकचा येत होता, आणि त्याखाली ओल्या फडक्याचा.

हॉस्पिटलातल्या अकराव्या दिवशी ती गेली. डॉक्टर म्हणाले, वय, हाड, न्यूमोनिया. ते बरोबरच असेल. पण आणखी एक दिवस आधी तिला इथे आणलं असतं तर वाचली असती का, असं मी विचारलं, तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगता येत नाही." मी स्वतः चाळीस वर्षं हेच उत्तर देत आलोय. त्याचा अर्थ मला कळतो.

मला एवढंच समजतं की कुणीतरी आम्हा दोघांच्या मध्ये उभं होतं. मला सांगत होतं ती ठीक आहे, तिला सांगत होतं मी येतोय, आणि दारात उभ्या बाईंना आतून, तिच्याच आवाजात, 'जरा पडलेय, तू जा.' आणि त्याला आमची पद्धत कुणी शिकवली? मीच. त्या काउंटरवर, हसत हसत.

तुमचा प्रश्न राहिला. टाकून का देत नाही.

सिम मी कापून फेकलं. फोन एकदाही चार्ज केलेला नाही. तरी रोज सकाळी सहा दहाला तो एकदा वाजतो. ताई गेल्यावर महिनाभरानं मी तो लांबच्या कचराकुंडीत टाकून आलो होतो. सकाळी रिंग ऐकू आली, ती उशीखालून. ते खरं की मीच रात्री जाऊन परत आणला, देव जाणे. चपला ओल्या होत्या एवढं आठवतं. तेव्हापासून डब्यात ठेवतो. आवाज तरी दबतो.

आणि मी उत्तर देतो. माझ्या दुसऱ्या फोनवरून ताईचा नंबर लावतो. तो कधीच बंद करून टाकलाय. तरी एकदा वाजतो. मी तोडतो. मग दिवस सुरळीत जातो. एकदा धीर करून उत्तर दिलं नाही. सहा अकराला तो दोनदा वाजला. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसलो. सहा बाराला पुन्हा सुरू झाला, एक... दोन... आणि माझा धीर सुटला. घाईघाईनं रिंग दिली. तिसरी मी वाजू दिली नाही. तीन रिंगांचा अर्थ तुम्हाला सांगितलाच आहे. आमच्या घरात तीन रिंगा आल्यावर न निघता कुणी राहिलेलं नाही. पण या वेळी कुणी कुठे जायचं, की कुणी इथे यायचं, ते मला...

थांबा. किती वाजले? सहा नऊ. डबा जरा तुमच्या बाजूला सरकलाय, की मला तसं वाटतंय? मघाशी तो माझ्या कपाजवळ होता.

काय मूर्ख आहे मी! तुम्हाला सगळं सांगितलं. एक म्हणजे काय, दोन म्हणजे काय, तीन म्हणजे काय. त्याच्यासमोर बसून. पुन्हा एकदा. काल रात्री जेवताना तुम्हीही सांगत होतात ना, घरी बायको एकटी असते, बाहेरगावी असलो की तिला रोज सकाळी...

वाजला. ऐकलात ना? हा... अजून एक. अजून...

किती झाले? मला मोजताना हल्ली चूक होते. तुम्ही मोजलेत ना? अहो, बोला ना. किती वेळा वाजला?

आणि तुम्ही असा कानाला हात का लावलाय?